स्टेशनवर थांबलेला शिलेदार

समोरच्या हॉलवर आज पुन्हा एक नवरदेव घोड्यावरून आला. वैशाख लागला की हे सुरू होतं. आधी बँडचा गोंगाट, मग फटाके, मग डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली माणसं, आणि सगळ्यांच्या मागून पांढऱ्या घोडीवर एक घामाघूम गडी. कमरेला भाड्याची तलवार, तोंडावर फुलांचा पडदा, दोन्ही हातांनी खोगिराचा पुढचा उंचवटा घट्ट धरलेला. लगाम भलत्याच माणसाच्या हातात. खालून मावश्या ओरडतात, राजा दिसतो हो, राजा! राजा कसला, सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखा बसलाय. मी आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहते आणि मनसोक्त नाक मुरडते. या वयात दुसरं करायचं तरी काय?

ताईही येते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, गुडघे कुरकुरतात, तरी बँड ऐकू आला की हातातलं टाकून गॅलरीत येतेच. माझे हे गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. ती नाक मुरडत नाही, बोलत नाही. कठड्याला दोन्ही हात टेकून नुसती बघते.

घोड्यावर बसलेल्या माणसाकडे मला आदराने बघताच येत नाही. चित्रातला असो, सिनेमातला असो, नाहीतर हा खालचा. लोकांना तो उंच दिसतो, मला तो दुसऱ्याच्या पायांवर उभा दिसतो. हा तिरस्कार माझ्यात जन्मापासून नव्हता, तो मी शिकले. आणि शिकले ते आमच्याच घरात, आमच्याच आप्पांच्या तोंडून घोडदळाचं कौतुक ऐकून ऐकून.

मुलुंडच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. माणसं चार, आप्पा, आई, ताई आणि मी. आणि पाचवं घोडदळ. आप्पा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दिवसभर फायली, आणि संध्याकाळी घरी येऊन हातात चहाचा कप आला की स्वारी निघायची. रथ मागे का पडले, पाय अडकवायची रिकीब आल्यावर लढाईची रीत कशी बदलली, सिकंदराने झेलमच्या काठी हत्तींना बगल देऊन घोडेस्वार कसे फिरवले, मध्य आशियातले धनुर्धारी पळता पळता मागे वळून बाण कसे मारायचे. हे शेवटचं तर ते करून दाखवायचे. खुर्चीवर उलटे बसून, हातात आईचं लाटणं घेऊन.

"अहो, ते लाटणं द्या आधी, पोळ्या व्हायच्यात," आई म्हणायची, की मध्य आशिया बरखास्त.

"अगं, या आपल्या खाडीत, इथे ठाण्याला, अरबी घोडे गलबतांतून उतरायचे! राजे लोक वाट बघायचे त्यांची," आप्पा म्हणायचे.

"आता सुकट उतरते. उद्या येताना आणा," आई म्हणायची.

आप्पा स्वतः कधी घोड्यावर बसले होते का? नाव नको! टांग्यातसुद्धा मागच्या बाजूला, दांडी दोन्ही हातांनी धरून बसायचे आणि घोड्याने शेपूट उडवली तरी दचकायचे. पण आमच्या घराण्यातलं कुणीतरी पानिपतावर होतं म्हणे, आणि तेही शिलेदार म्हणून. शिलेदार म्हणजे ज्याचं घोडं आणि हत्यार स्वतःचं. ज्याला घोडं सरकारी पागेतून मिळायचं तो बारगीर. हा फरक आप्पांनी आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवला होता. बारगीर हा शब्द ते अशा तोंडाने उच्चारायचे की मला लहानपणी ती शिवीच वाटायची.

"ते तुमचे शिलेदार पानिपतावरून परत आले ना?" आई विचारायची.

"आले तर! म्हणून तर आपण आहोत."

"म्हणजे पळाले."

"माघार घेतली! माघार हाही युद्धाचा भाग असतो."

"घोडं होतं म्हणून जमलं," आई म्हणायची आणि तव्यावरची पोळी उलटायची. पायी गेलेल्यांचं काय झालं, ते आप्पांनी कधी सांगितलं नाही.

साठचं दशक सरून सत्तरचं लागत होतं तेव्हाचा तो उन्हाळा. मुलुंड तेव्हा कागदोपत्री मुंबईत होतं, पण हवा गावाची होती. रिक्षा यायच्या होत्या. स्टेशनबाहेर करंजाच्या झाडांखाली टांगे एकामागे एक उभे असत. ओल्या गवताचा, लिदीचा आणि चामड्याला चोपडलेल्या तेलाचा वास त्या कोपऱ्यावर कायम असायचा. आजही कुठे नवीन चपलांचं दुकान उघडलं की मला एकदम तो कोपरा आठवतो, आणि पुढचं सगळं आठवतं, आणि डोकं फिरतं.

त्या घोड्यांची एक गंमत होती. टांगेवाले बिडी ओढत बसलेले असोत की डुलक्या घेत असोत, फलाटात गाडी शिरल्याचा आवाज आला की घोडे आपणहून कान टवकारायचे. गाडी आली म्हणजे गिऱ्हाईक आलं. पुढचा टांगा निघाला की मागचा घोडा कुणी न सांगता पावलं टाकून पुढे सरकायचा. ओळ मोडायची नाही. पाणी प्यायला रस्त्यापलीकडे गेलेला घोडासुद्धा गाडीचा आवाज ऐकून आपल्या जागेवर येऊन उभा राहायचा. मी शाळेतून येताना हे रोज बघायचे. आप्पा कचेरीतून येताना रोज बघायचे. पण त्यांच्या डोक्यात झेलमचा काठ, समोरचं घोडं दिसणार कसं?

मार्चमध्ये माझी अकरावीची परीक्षा झाली, म्हणजे आमच्या वेळची मॅट्रिक. अजूनही मार्चमध्ये शेजारची पोरं मोठ्याने पाठ करायला लागली की मी गॅलरीचं दार लावून घेते. इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, जुन्या काळच्या युद्धांत घोडदळाचे महत्त्व स्पष्ट करा. आप्पांना पत्ता लागला असता तर ते परीक्षेच्या हॉलमध्ये पेढे घेऊन आले असते. मी धडाधड लिहिलं. वेग. टेहळणी. शत्रूची बगल गाठणे. रसद तोडणे. पाठलाग. पुरवणी घेतली.

घरी येऊन सांगितलं तर आप्पा म्हणाले, "पाठलाग सविस्तर लिहिलास ना? लढाई उभी राहून लढतं ते पायदळ गं. घोडदळ खरं उपयोगी येतं ते नंतर. शत्रू पळायला लागला की त्याला गाठायला."

म्हणजे बघा. पाठ दाखवून, शस्त्र टाकून, धाप लागेपर्यंत पळणाऱ्या माणसाला मागून यायचं, उंचावरून यायचं, चार पायांच्या वेगाने यायचं आणि कापायचं. आणि याचे पोवाडे! मी त्या दिवशी विचारलं, "आणि आप्पा, एवढी हजारो घोडी रोज खायची काय?"

"ज्या मुलुखात जायचं तिथला चारा."

"म्हणजे कुणाच्या तरी शेतातला."

"युद्ध असतं ते! तिथे असे प्रश्न विचारत नाहीत."

परीक्षेतही विचारत नाहीत. म्हणून मला त्या पेपरात चांगले मार्क मिळाले. उभं पीक ज्याचं गेलं त्याच्यावर एखादी टीप लिहा म्हटलं असतं, तर अख्ख्या महाराष्ट्राची वाट लागली असती.

आणि त्याच हंगामात ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे सुधा, आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट होती. दिसायला साधी, चालायला भरभर, आणि बढाया मारणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी कंटाळा. आमच्या घरात जन्म काढल्यावर तो यायचाच. स्थळ पार्ल्याचं होतं. मुलगा विनायक, बँकेत कारकून. उंच, हसरा, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. त्याचे वडील दादासाहेब सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, मिशा मात्र अजून नोकरीत. त्यांच्या दोन खोल्यांत रेडिओच्या वर भिंतीला तलवार लावलेली होती.

"आमचं घराणं शिलेदारांचं," पहिल्याच भेटीत दादासाहेबांनी तलवारीकडे बोट दाखवून सांगितलं.

"वा! आमचंही!" आप्पा सतरंजीवरून अर्धे उठलेच.

मग काय विचारता. पोहे गार झाले, मुलीला काय येतं ते विचारायचं राहिलं, मुलाचं काही विचारायचं राहिलं, आणि दोन शिलेदार एका सतरंजीवर बसून दौडत सुटले. आईने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. ताई आणि विनायक कोपऱ्यात एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. लग्न खरं तिथेच ठरलं.

परीक्षा संपल्यामुळे मी मोकळी होते, म्हणून ती दोघं फिरायला निघाली की मला बरोबर पाठवायचे. तशी पद्धतच होती. एका रविवारी आम्ही जुहूला गेलो. ऊन उतरलं होतं, वाळू अजून तापलेली, वाऱ्याला भाजलेल्या कणसांचा वास. किनाऱ्यावर घोडेवाले होतेच. एक जण मागे लागला. "साहेब, एक चक्कर मारो ना. मेमसाब खुश हो जाएगी."

"बसा ना," ताई म्हणाली. "तुम्ही तर शिलेदार!"

विनायकने घोड्याकडे बघितलं, घोड्याने विनायककडे बघितलं. "सुधा, खरं सांगू का? मला घोड्याची जाम भीती वाटते," तो म्हणाला. "लहानपणी एकाने दंडाला चावा घेतला होता. अजून खूण आहे. घरी कुणाला सांगू नकोस हं. चल, आपण भेळ खाऊ."

ताई इतकी हसली की तिचा पदर वाळूत पडला. मग खरोखरच भेळ खाल्ली. विनायकने मला जास्तीची पुरी मागून दिली. येताना ताईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "खरं बोलतो गं तो. भीती वाटली तर वाटली म्हणतो. असा पुरुष मी अजून बघितला नव्हता." तिचे डोळे असे काही चमकत होते की मी ओळखलं, ही गेली कामातून.

इकडे दोन शिलेदारांचं बिनसलं. साखरपुड्याच्या जेवणात दादासाहेब पान चघळत म्हणाले, "तुमच्या त्या भागात बारगीरच जास्त होते असं ऐकून आहे." आप्पांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यांनी उलट विचारलं की भिंतीवरची तलवार कुठल्या बाजारातून आणली. झालं! बोलणं बंद. निरोप बंद. ज्यांच्या घरात सायकल ठेवायला जागा नाही असे दोन म्हातारे, कुणाच्या खापरपणजोबाचं घोडं कुणाच्या मालकीचं होतं, यावरून दोन पोरांचा संसार मोडायला निघाले. ताई जेवेनाशी झाली. रोज कंपनीतून यायची आणि गॅलरीच्या टोकाला उभी राहून रस्त्याकडे बघत राहायची. मला आप्पांचा इतका राग यायचा की त्यांचा चहा मी मुद्दाम पाणचट करायचे.

शेवटी दादासाहेबांचा निरोप आला. झालं गेलं विसरू, पण आमच्या घराण्यात नवरदेव मांडवात येतो तो घोड्यावरूनच. तेवढं झालं पाहिजे. आता आमच्याकडची रीत अशी की जानवसघरातून, म्हणजे वरपक्ष उतरलेला असतो तिथून, नवरदेवाला मांडवात आणायचं वाहन मुलीकडच्यांनी द्यायचं. बाकीचे लोक फुलं लावलेली टॅक्सी आणायचे.

"म्हणजे घोडं आपण द्यायचं आणि शिलेदार ते?" आई म्हणाली. "दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर बसणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात हो?"

आप्पांनी सुपारी कातरायला घेतली. पण कबूल झाले. ताई दोन घास जेवली. तेवढ्यासाठी मी आप्पांना माफ केलं.

मुलुंडात रुबाबदार घोडं मिळणार कुठून? स्टेशनवरच्या गफूरची पांढरट घोडी ठरली. नाव बिजली, चाल मुंगीची. "एकदम गाय है साब, बच्चा भी बैठेगा," गफूर म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. तिला आंघोळ घातली, पाठीवर हळदीकुंकवाचे पंजे उमटवले, कुठल्याशा सिनेमावाल्याकडून आणलेलं झालरीचं खोगीर चढवलं. बिचारी डोळे मिटून उभी होती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. जानवसघर स्टेशनच्या अलीकडच्या शाळेत, सुट्टी असल्यामुळे मिळालेलं. मांडव आमच्या चाळीसमोर. मध्ये स्टेशनचा तो कोपरा. मी करवली म्हणून आप्पांबरोबर नवरदेवाला आणायला गेले. मला नवी जरीची साडी टोचत होती, केसांतला गजरा सारखा खाली येत होता, हवेत आंब्याचा आणि घामाचा वास होता. विनायकला खुर्चीवर उभं करून घोडीवर चढवलं. फेटा, शेला, कमरेला रेडिओच्या वरची ती तलवार. चष्मा दादासाहेबांनी काढून खिशात टाकला, शिलेदाराला शोभत नाही म्हणून. चेहरा पांढराफटक. तरी माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "पडलो तर हसशील ना गं?"

"पोट धरून," मी म्हटलं. तो खरंच हसला. ते हसू मला आजही दिसतं.

गफूरने लगाम धरला आणि निघणार तोच दादासाहेबांनी काठी आडवी घातली. "सोड ते. आमच्यात घोडं कुणी धरून चालवत नाही. लगाम स्वाराच्या हातात."

गफूरने आप्पांकडे बघितलं. "साब, अकेली जाने की आदत..."

आता इथे आप्पांनी तोंड उघडायचं होतं, आणि त्यांनी उघडलंही. "बरोबर बोलतायत दादासाहेब. स्वाराच्या हाती लगाम नसेल तर तो स्वार कसला? सोड," ते म्हणाले. साखरपुड्यापासून ज्यांचं एका गोष्टीवर जमलं नाही, त्या दोन शिलेदारांचं इथे जमलं. गफूरने खांदे उडवले आणि बाजूला झाला.

बँड पुढे, मामे-काके नाचत मागे, आणि त्यांच्या मागे लगाम नुसता हातात धरून बसलेला विनायक. कोपऱ्यापर्यंत सगळं झकास. आणि फलाटात गाडी शिरली. बिजलीचे कान उभे राहिले. ती ना उधळली, ना खिंकाळली. शांतपणे डावीकडे वळली. बँड वाजत वाजत सरळ गेला, नाचणारेही गेले, आणि नवरदेव करंजाखाली दोन टांग्यांच्या मागे जाऊन आपल्या नंबरावर उभा राहिला.

गाडीतून उतरलेली माणसं स्टँडवर आली. एक गृहस्थ पिशवीतून बाहेर आलेला दुधीभोपळा सावरत विनायकला म्हणाले, "काय हो, पाच रस्ता येणार का?" मग वर बघून, "पण टांगा कुठाय?" लोक खो खो हसायला लागले. विनायक लगाम ओढत होता. लगाम ओढला म्हणजे थांब, एवढंच बिजलीला माहीत. ती अधिकच घट्ट उभी राहिली. गफूर धावत आला, चुचकारलं, ढकललं. "नंबर आए बिना नहीं हिलेगी साब." मागून जोर लावायला गेलेल्या मामांना तिने शेपटीचा असा फटकारा दिला की त्यांची टोपी टांग्याखाली गेली.

"मुहूर्त टळतोय! उतरा आणि चालत चला," कुणीतरी म्हणालं. तेच शहाणपणाचं होतं. चाळ समोर दिसत होती.

"खबरदार! आमच्या घराण्यातला स्वार मांडवाच्या दारात उतरतो. टांग्याच्या स्टँडवर नाही," दादासाहेब ओरडले.

मी धावत घरी आले. ताई पिवळी साडी नेसून, कपाळाला मुंडावळ्या बांधून गौरीहरापाशी बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आधी ती हसली, जुहूला हसली होती तशी. मग उठली.

"बस गं, नवरी अशी उठत नाही," आई म्हणाली.

"मी आणते त्यांना. घाबरले असतील," ताई म्हणाली. तिच्या आवाजात एवढी माया होती की आईने हात पुढे केला होता तो मागे घेतला.

मुंडावळ्या लावलेली नवरी भर रस्त्याने स्टेशनकडे चालत निघाली. मी मागे. गॅलऱ्या भरल्या. ताई थेट घोडीपाशी गेली, वर बघून म्हणाली, "उतरा. चालत जाऊ आपण. एवढंसं तर आहे."

विनायकच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मी स्वतः बघितला. त्याने एक पाय रिकिबीतून काढलाही.

"विनायक!" दादासाहेब म्हणाले. एवढंच. पाय परत रिकिबीत गेला.

ताई आणखी जवळ गेली. हळू आवाजात म्हणाली, पण सगळे गप्प झाले होते म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्हाला भीती वाटते ना घोड्याची? मग उतरा ना. त्यात काय एवढं?"

विनायकने वडिलांकडे बघितलं, मघाशी हसलेल्या लोकांकडे बघितलं. मग ताईच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत मोठ्याने म्हणाला, "कोण म्हणतं? मला भीतीबिती काही वाटत नाही."

एका हाताने मात्र त्याने खोगिराचा उंचवटा घट्ट धरून ठेवला होता. ताई त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. बसा मग." आणि वळली.

मला वाटलं रागावलीय, मांडवात पोहोचेपर्यंत निवळेल. पण गौरीहरापाशी जाऊन तिने मुंडावळ्या सोडल्या, अन्नपूर्णेपुढे ठेवल्या आणि आईला म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

थोड्या वेळाने बिजलीचा नंबर आला असावा. लगाम गफूरच्या हातात, वर नवरदेव, अशी स्वारी मांडवाच्या दारात आली. तोवर आत हलकल्लोळ उडाला होता. माम्या, मावश्या ताईला घेरून, अगं एवढ्याशा गोष्टीवरून? घोड्यावर बसला म्हणून? लोक शेण घालतील तोंडात! दादासाहेब बाहेर गरजत होते, शिलेदारांच्या घराण्याची अब्रू घेतली म्हणून. आप्पा मध्ये उभे. घसा खाकरून ते म्हणाले, "दादासाहेब, इतिहासात बघितलं तर अशा प्रसंगी..."

"अहो, पुरे आता," आई म्हणाली.

आप्पांनी आईकडे बघितलं, दाराआड उभ्या ताईकडे बघितलं. डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून एक आखूड वाक्य ऐकलं. "लग्न होणार नाही. मुलगी नाही म्हणते." त्या दिवसानंतर आमच्या घरात घोडदळाचं नाव निघालं नाही. आता आप्पांच्या फोटोला हार घालताना मला त्यांचं हे एकच वाक्य आठवतं, आणि त्यासाठी मी त्यांचं बाकीचं सगळं सोडून देते.

विनायक तेव्हा उतरला. कुणी न सांगता. दादासाहेब ओरडत असताना, एक पाय शेल्यात अडकलेला, दोघांच्या खांद्यावर पडत, धडपडत उतरला आणि "सुधा" म्हणाला. ताई तोवर आत गेली होती, दार लावलेलं होतं. तिने ते बघितलं नाही. रात्रीची पंगत आईने रद्द केली नाही. चाळीतल्या सगळ्यांनी जिलबी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच तोंडांनी ताईचं नाव घोडीवाली ठेवलं. थू!

त्या रात्री ताई पिवळ्या साडीची घडी घालत असताना मी तिला सांगितलं, "तू आत गेल्यावर उतरले गं ते."

"हो का," ती म्हणाली. आणि घडी नीट बसली नाही म्हणून तिने साडी पुन्हा उलगडली.

विनायकचं पुढे कुठेतरी लग्न झालं, असं ऐकलं. ताईने केलं नाही. कंपनीत मोठ्या हुद्द्यापर्यंत गेली, भाचरांचं शिक्षण केलं, एकटीने काश्मीर पाहून आली. तिथेही म्हणे घोडेवाले मागे लागले होते, ती चढ चढून पायी गेली. दुःखी होती का? नाही म्हणते. मी खोदून विचारत नाही.

खाली आता बँड थांबलाय. नवरदेवाला उतरवायची वेळ आली, तर आत आरतीचं तबक सापडत नाहीये. घोडी पाय बदलतेय. तो वर अडकून बसलाय, कधी या काकाकडे बघतोय, कधी त्या. मोबाईल धरून पन्नास जण उभे, स्टूल आणायचं एकालाही सुचत नाही. काय ही माणसं! मी म्हटलं, "ताई, आत चल गं, डास चावतायत. रोजचाच तमाशा आहे."

"थांब," ताई म्हणाली.

कठड्यावरच्या तिच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या. खाली त्या पोराने वैतागून तोंडावरचा फुलांचा पडदा मागे टाकला, एक पाय सोडवला. कुणीतरी ओरडलं, अरे थांब, फोटो! तो थांबला नाही. पोटावर घसरत, तलवार मध्ये येत, फेटा वाकडा होत, दाणकन जमिनीवर आला आणि स्वतःच हसायला लागला.

"उतरला," ताई म्हणाली. तिने कठड्यावरचे हात काढले आणि आत गेली.